आपलं जुनं पार्क : कर्ज काढून मोठी राइड आणावी, की आहे तेच नीट करावं?

भोंगा (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.२०

मंडळी, हा धागा गावाबाहेरच्या आपल्या जुन्या पार्कबद्दल आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. सोलापुरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ते न लिहिताही कळेल.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, फिटर होते. गिरणी बंद पडली आणि दोन-तीन वर्षांनी ते या पार्कात लागले. ज्या हातांनी साचे लावले त्याच हातांनी पुढची सोळा वर्षं त्यांनी आकाशपाळण्याची बेअरिंगं बदलली. सकाळी सातला रिकामा पाळणा दहा फेऱ्या फिरवायचे, खाली उभं राहून डोळे मिटून आवाज ऐकायचे, मगच गेट उघडायचं. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन तिथं जायचो. तेव्हा या जागेबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

मालकांचा मुलगा माझ्या वर्गातला. आता पार्क तोच बघतो. गेल्या आठवड्यात त्यानं मला दोन कागद दाखवले. एक म्हणजे परदेशातली वापरलेली रोलर कोस्टर आणून इथं उभी करून द्यायचं कोटेशन. त्यासाठी आठ कोटींचं कर्ज लागेल. दुसरा कागद प्लॉटिंगचा. तो म्हणाला, "असंच चालू ठेवलं तर तीन वर्षांत मी बसेन. यातलं एक करावंच लागणार. तू गावातल्या लोकांना विचार, त्यांना काय पाहिजे ते."

म्हणून विचारतोय. स्थिती अशी आहे : बारा राइड, त्यातल्या चार बंद. वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांचा रंग उडून फायबर खरखरीत झालंय, पोरांची कोपरं खरचटतात. भुताचा बंगला सहा वर्षांपासून कुलपात. चांगली गोष्ट एकच. थोरल्या मालकांनी सुरुवातीला लावलेले कडुनिंब आता मोठे झालेत आणि मधल्या रस्त्यावर भर दुपारी सावली असते.

स्पर्धेचं म्हणाल तर २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं, २०१६ साली हैदराबादला वंडरला आलं. पूर्वी लांब म्हणून लोक जात नसत. आता रस्ता चौपदरी आहे, पहाटे निघालेला माणूस दुपारच्या आत हैदराबादेत असतो. शिवाय आसपासच्या तालुक्यांत रिसॉर्टवाल्यांनी छोटी वॉटर पार्कं काढलीत, ती वेगळीच. गेल्या वर्षी आपल्या पार्कात साठ हजारांच्या आत माणसं आली.

पैसा मर्यादित आहे. कशावर घालावा?

*

अक्कलकोट_नाका | रविवार, रात्री १०.५१

कोस्टर आणा. दुसरं काही बोलायचंच नाही. आम्ही मित्र दर वर्षी हैदराबादला जातो, ते फक्त मोठ्या राइडसाठी. सोलापुरात एक जरी उलटी फिरणारी कोस्टर आली तर लातूर, उस्मानाबाद, विजापूर, कलबुर्गी, सगळीकडची पोरं इथं येतील. मोबाइलवरच्या रिळांमुळं आपोआप जाहिरात होते. झाडं बघायला कोण तिकीट काढतं?

*

विजापूरवेस | सोमवार, सकाळी ७.१५

मी बँकेतून निवृत्त झालो, म्हणून आधी हिशोब मांडतो.

आठ कोटी, व्याज अकरा टक्के धरा. पहिल्या वर्षी नुसतं व्याज ८८ लाख. तिकीट सहाशे ठेवलं आणि वीज, पगार, पाणी, कर, देखभाल जाऊन माणशी दोनशे रुपये हातात राहिले, तर फक्त व्याज फेडायला ४४ हजार जादा माणसं लागतील. साठ हजार येतात त्यावर ४४ हजार! मुद्दल अजून बाजूलाच आहे. पहिल्या वर्षी नवलाईनं येतीलही. तिसऱ्या वर्षी काय? तोपर्यंत हैदराबादवाले आणखी एक राइड बसवतील. त्यांची अनेक शहरांत पार्कं आहेत आणि बऱ्याच राइड ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात. त्या शर्यतीत आपला खर्च कायम त्यांच्यापेक्षा जास्त राहणार.

मोठं असूनही अडचणीत येता येतं, हे खोपोलीच्या पार्कानं दाखवलंच आहे. डोंगराएवढं कर्ज झालं आणि शेवटी २०२२ साली ते मालपाणी समूहाकडे गेलं. राइड भारी होत्या, यात वाद नाही. कर्ज त्याहून भारी होतं.

कराचंही लक्षात घ्या. जुलै २०१७ मध्ये अशा पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी लागला होता, जानेवारी २०१८ पासून तो १८ झाला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या सहाशेतले नव्वदेक रुपये तुमचे नाहीतच.

अक्कलकोट नाक्याच्या या तरुण मित्राचा उत्साह मला समजतो. पण पहिला हप्ता थकला की दुसऱ्या कागदावर सही करावी लागते, प्लॉटिंगच्या. हे मी कामात असताना बऱ्याच उद्योगांच्या बाबतीत बघितलंय.

*

पाना_पक्कड | सोमवार, दुपारी १.०५

मी पुण्यात एका कारखान्यात देखभाल विभागात आहे, मूळचा जुळे सोलापूरचा. भोंगा, तुमच्या वडिलांची सकाळी सातची पद्धत वाचून बरं वाटलं. आजही जगभर पार्क उघडण्याआधी रिकामी फेरी मारतातच.

वापरलेल्या कोस्टरबद्दल कळकळीनं सांगतो. विकत घेण्याआधी चार गोष्टी बघा. मूळ बनवणारी कंपनी जिवंत आहे का आणि सुटे भाग देते का. ड्रॉइंग आणि देखभालीची वही सोबत येते का. वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी कधी झाली. डाय पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासॉनिक या तडे शोधायच्या चाचण्यांचे रिपोर्ट मागा, फोटो मागू नका. आणि चाकं. कोस्टरच्या चाकांवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा थर असतो, तो झिजतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तापलेल्या रुळावर थंड देशापेक्षा लवकर झिजेल. दर हंगामात चाकांचे संच बदलावे लागतील. कोटेशनमध्ये ते धरलेत का? माझा अंदाज, नसतील.

तुमच्या चार बंद राइडचं काय झालंय ते मला कळेल का? बहुतेक वेळा अशा राइडचा सांगाडा धडधाकट असतो आणि गेलेलं असतं ते राइड चालू-बंद करणारं जुनं रिले पॅनेल, मोटर, नाहीतर हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं. रिले काढून पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) बसवायचा, मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावायचा, म्हणजे झटका न बसता राइड सुरू होते, थांबते, वीजही वाचते. सेफ्टी बार लागला नाही तर राइड सुरूच होणार नाही असं इंटरलॉक घालता येतं. हे नव्या राइडच्या किमतीच्या फार लहान भागात होतं.

जुना सांगाडा ठेवून नवा अनुभव देता येतो, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. टेक्सासमधली 'टेक्सास जायंट' ही १९९० सालची लाकडी कोस्टर. पुढं इतकी हादरे द्यायला लागली की लोक बसेनात. २००९ साली बंद केली, लाकडी सांगाडा बराचसा तसाच ठेवून वर पोलादी रूळ टाकला आणि २०११ साली पुन्हा उघडली. मग तीच त्या पार्कातली आवडती राइड झाली.

गेल्या दशकात डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी दृश्यं दाखवणारा) चष्मा लावून कोस्टरमध्ये बसवायची लाट आली होती, तिच्याही नादी लागू नका. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स पार्कानं २००२ सालच्या कोस्टरला २०१६ मध्ये असे चष्मे लावले आणि पुढं काढून टाकले. प्रत्येकाचा चष्मा बसवायचा, पुसायचा, पट्टा घट्ट करायचा, यात वेळ जातो. चोवीस जणांची राइड दर चार मिनिटांनी सुटली तर तासाला ३६० माणसं. तीच सहा मिनिटांनी सुटली तर २४०. रांग दीडपट झाली. उन्हात उभ्या माणसाला आतला चष्मा कितीही भारी असला तरी राग येणारच.

*

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी ४.३०

दोन मुलांची आई म्हणून लिहिते. वरच्या दादांनी यंत्रांचं फार चांगलं सांगितलं, पण कुटुंबानं कुठं जायचं हे बहुतेक घरात बाईच ठरवते, आणि ती राइड बघून ठरवत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नणंदा-भावजया आणि सात मुलं मिळून अशाच एका जुन्या पार्कात गेलो होतो. कपडे बदलायची खोली एकच, कडी तुटलेली, आत पाणी साचलेलं. एकजण आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. धाकट्या जावेचं बाळ सहा महिन्यांचं, त्याला पाजायला कुठं बसायचं? शेवटी ती दीड तास गाडीत बसून राहिली, एसी लावून. पाण्यातून बाहेर आलं की फरशी इतकी तापलेली की मुलं पाय उचलून उड्या मारत पळायची. माझ्या मुलाच्या तळव्याला फोड आला. परत यायच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी गाणगापूरला जाऊ. आणि खरंच आम्ही गाणगापूरला गेलो.

आठ कोटी जाऊ द्या. आधी दहा स्वच्छ, कोरड्या, कडी लागणाऱ्या खोल्या बांधा. तिथं दिवसभर एक बाई कामाला ठेवा आणि तिला नीट पगार द्या. पायवाटेवर पांढरा थंड राहणारा लेप मारा नाहीतर वरून शेडनेट टाका. आजी-आजोबांना बसायला सावलीत बाकं, प्यायला गार पाणी. जे पाण्यात उतरत नाहीत त्यांच्याकडून पूर्ण तिकीट घेऊ नका. आजी आली नाही तर नातवंडं येत नाहीत.

आणि जेवण. सगळीकडे तेच नूडल्स आणि तेच फ्राइज. कडक भाकरी, शेंगा चटणी, पिठलं, ताक ठेवा की. हैदराबादहून येणारा माणूस इथं फ्राइज खायला थांबणार नाही.

*

अक्कलकोट_नाका | सोमवार, सायंकाळी ६.१०

ताई, पटलं. मी कधी या बाजूनं विचार केला नव्हता. आमच्या ग्रुपमध्ये मुली का येत नाहीत हेही आत्ता कळलं. तरीपण एक तरी जोरदार राइड पाहिजेच, हे माझं मत कायम.

*

होटगी_ते_हाँगकाँग | सोमवार, रात्री ११.४०

नऊ वर्षं हाँगकाँगमध्ये होतो. तिथली गोष्ट या धाग्याला अगदी चपखल आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ओशन पार्क तिथलं जुनं पार्क, १९७७ सालचं. डोंगराच्या दोन बाजूंना पसरलेलं, मधून केबल कार, खाली समुद्र. २००० च्या आसपास ते थकलं होतं आणि तेवढ्यात जाहीर झालं की डिस्नेलँड येतंय. सगळ्यांनी ओशन पार्कचं मरण लिहून टाकलं. २००३ साली अॅलन झेमन नावाचे गृहस्थ अध्यक्ष झाले. त्यांचा धंदा जमीनजुमला आणि रेस्टॉरंटचा, पार्क चालवण्याचा अनुभव शून्य. त्यांनी एक गोष्ट पक्की धरली, की डिस्नेची नक्कल करायची नाही. त्यांच्याकडे कार्टून आहे, किल्ला आहे. आपल्याकडे खरे प्राणी आहेत, खरा डोंगर आहे, खरा समुद्र आहे. २००५ साली डिस्नेलँड उघडलं, त्याच वर्षी ओशन पार्कनं आपला पुनर्बांधणीचा आराखडा जाहीर केला. केबल कार काढली नाही, उलट तिच्या रांगेवर तोड म्हणून डोंगराच्या पोटातून रेल्वे नेली, २००९ साली. २०१२ साली जुन्या हाँगकाँगची एक गल्ली उभी केली : जुनी ट्राम, जुन्या पाट्या, रस्त्यावरचं खाणं. मी तिथं पाहिलंय, म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून सांगत होती, आमचं दुकान असंच होतं. त्याच वर्षी तिथं सत्तर लाखांवर लोक आले. डिस्नेच्या शेजारी बसून.

हॅलोविनचा त्यांचा उत्सवही असाच. राइड त्याच, फक्त रात्री उघडं, अंधार, धूर आणि भुतं झालेली माणसं. नवीन यंत्र एकही न आणता वर्षातला एक ओसाड महिना त्यांनी भरून टाकला.

आपल्याकडे त्या जुन्या गल्लीसारखं काय आहे? गिरणी आहे, भोंगा आहे (धागाकर्त्यांनी नावच घेतलंय), चाळी आहेत, माग आहेत. मुंबई-पुण्याला ते सजवून मिळेल, खरं मिळणार नाही.

*

विजापूरवेस | मंगळवार, सकाळी ७.३०

उत्तम माहिती. पण गोष्ट अर्धी सांगू नये म्हणून भर घालतो. त्याच ओशन पार्कला २०२० साली तिथल्या सरकारनं ५.४ अब्ज हाँगकाँग डॉलरचा आधार दिला, तेव्हा ते तरलं. कोविड होताच, पण त्याआधीच माणसं कमी होऊन तोटा सुरू झाला होता आणि विस्ताराचं कर्ज डोक्यावर होतं.

*

होटगी_ते_हाँगकाँग | मंगळवार, सकाळी ९.०२

खरं आहे, ते लिहायला हवं होतं. मला त्यातून असं दिसतं की पहिली खेळी बरोबर होती, पुढचा विस्तार झेपला नाही. तुमचं कर्जाचं म्हणणं त्यानं पक्कंच होतं.

*

पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १२.२०

मी विणकर. घरात तीन पिढ्या माग. आता दोनच चालू आहेत, बाकीचे भंगारात गेले.

वर मागाचं नाव निघालं म्हणून बोलतो. पार्कात गिरणीचं चित्र रंगवून, पुतळे उभे करून काही होत नाही. पोरं एक मिनिट बघतात आणि पुढं जातात. खरा माग ठेवा, चालता. जकार्डचा. आमच्या चादरीवरचं नक्षीकाम कसं येतं माहितीय का? भोकं पाडलेले पुठ्ठे साखळीसारखे जोडलेले असतात. जिथं भोक आहे तिथला धागा उचलला जातो, जिथं नाही तिथला खाली राहतो. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. संगणकाच्या आधी कितीतरी वर्षं हे चालूय. पोराच्या हातात कोरा पुठ्ठा आणि पंच द्या. त्यानं स्वतःच्या नावाची, फुलाची, काहीतरी भोकं पाडायची, आणि दिवस संपायच्या आत त्याच नक्षीचा हातरुमाल विणून त्याच्या हातात पडला पाहिजे. घरी जाऊन तो चार जणांना दाखवेल. हे हैदराबादला मिळतं का? नाही मिळत.

माझ्या घरात पुण्याहून पाहुणे येऊलालेत तेव्हा त्यांची पोरं तासभर मागापासून हलत नाहीत. खाताना हाक मारली तरी येत नाहीत. ती राइडच आहे की मग.

आमच्या भागात चांगले कारागीर घरी बसून आहेत. त्यांना रोज द्या आणि मान द्या. कोपऱ्यात बसवून फोटोपुरतं ठेवू नका.

*

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १२.५५

काका, हे वाचून अंगावर काटा आला. माझं माहेर पूर्व भागातलंच. माझ्या मुलांनी चालता माग कधी पाहिलेला नाही, आणि आम्ही सोलापुरात राहतो.

*

कंबरतलाव | मंगळवार, रात्री ९.१५

मी शिक्षिका आहे, सहलीचं काम दर वर्षी माझ्याकडे असतं.

जुन्या पार्कांचा कणा शाळांच्या सहली, आणि सहली मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत निघतात. त्या थंडीत वॉटर पार्क निरुपयोगी. म्हणजे पार्क उन्हाळ्याच्या दोन महिन्यांवर जगतं आणि शाळा मात्र हिवाळ्यात येतात. हा सांधाच जुळत नाही. पूर्वभाग काकांचा माग इथं बसतो. पुठ्ठ्यावरची भोकं म्हणजे हो आणि नाही, शून्य आणि एक, हे मी सातवीच्या वर्गाला मागासमोर उभं करून पाच मिनिटांत समजावू शकते. पाळण्यावर लंबक आणि केंद्रगामी बल शिकवता येतं. अशा सहलीला मुख्याध्यापक लगेच होकार देतात, आणि पालकही.

पण सुरक्षिततेचे कागद तयार ठेवा. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्यानंतर मी कुठल्याही ठिकाणी फोन केला की पहिला प्रश्न अग्निशमनाचा आणि बाहेर पडायच्या वाटांचा विचारते. भुताचा बंगला पुन्हा उघडणार असाल तर बाहेर पडायला दोन दारं, उजेडाची सोय, आणि आत थर्माकोल-पडदे नकोत. रोजच्या तपासणीचा कागद गेटवर लावा, तारीख आणि सहीसकट. तो कागद माझ्यासाठी कोस्टरपेक्षा मोठी जाहिरात आहे.

पाण्याचं कुणीच बोललं नाही याचं नवल वाटलं. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं लाटांचा तलाव भरताना लोकांना काय वाटतं, याचाही विचार व्हावा.

*

पाना_पक्कड | मंगळवार, रात्री १०.४०

पाण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा, मी विसरलो होतो. साधं गणित करू. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरा. हजार चौरस मीटरच्या तलावातून रोज दहा हजार लिटर. म्हणजे रोज एक टँकर नुसता हवेत. त्यावर सावली आणि वाऱ्याला आडोसा, एवढंच केलं तरी बरंच वाचतं. रात्री पाण्यावर आच्छादन ओढायचं. वाळूचा फिल्टर उलटा धुताना जे पाणी जातं ते साठवून, क्लोरीन उडून गेलं की झाडांना द्यायचं. कडुनिंब त्यावर जगतील. आणि हा हिशोब पाटीवर लिहा : आज किती पाणी घेतलं, किती परत वापरलं.

घसरगुंड्यांबद्दल : फायबर खरखरीत झालं म्हणून फेकू नका. उन्हानं वरचा जेलकोट, म्हणजे गुळगुळीत थर, मरतो, आतलं फायबर बहुधा ठीक असतं. घासून, तडे भरून, नवा जेलकोट मारता येतो. जोडांच्या ठिकाणी बोट फिरवून बघा, कोपरं तिथंच खरचटतात.

*

निंबाळतळी | बुधवार, सकाळी ८.४५

कल्पना आली म्हणून लिहितो. थंडगार अंधाऱ्या खोलीतून हळू जाणारी गाडी करा आणि तिच्यात आपल्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची कथा दाखवा : तलाव, अडुसष्ट लिंगं, सात नंदीध्वज (यात्रेत पेलतात त्या उंच काठ्या), अक्षता सोहळा. भुताच्या बंगल्याच्या जागी सहज बसेल. गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या यात्रेला, येणारा प्रत्येक माणूस बघेल.

*

विजापूरवेस | बुधवार, सकाळी ९.३०

या एका गोष्टीला माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे. माझ्या घरात नंदीध्वज पेलण्याची परंपरा आहे. महिनाभर सराव असतो, व्रत असतं. तो सोहळा गाडीत बसून, हातात पॉपकॉर्न घेऊन बघायचा नाही. जानेवारीत गावात खरा सोहळा आहे, तो बघायला या म्हणावं.

*

निंबाळतळी | बुधवार, सकाळी १०.०५

क्षमस्व काका, या अंगानं विचार केला नव्हता. सूचना मागे घेतो.

*

होटगी_ते_हाँगकाँग | बुधवार, रात्री ११.५५

काकांशी सहमत. यात्रेतली श्रद्धा बाजूला ठेवून यात्रेतला खेळ घेता येईल. होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, जादूचे खेळ घेऊन जी कुटुंबं येतात त्यांच्याकडे खरी कला आहे. गड्डा संपला की त्यांना महिनाभर पार्कात जागा द्या, नीट वीज आणि तपासणीसकट.

अजून एक, वेळेबद्दल. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला टिव्होली नावाचं पार्क आहे, १८४३ सालचं. त्यात १९१४ सालची लाकडी कोस्टर आजही चालते, आणि गाडीत एक माणूस बसून हातानं ब्रेक लावतो. तीच तिची गंमत. पण टिव्होलीचं खरं बळ संध्याकाळ आहे. प्रवेशाचं तिकीट वेगळं, राइडचं वेगळं, वर्षाचा पास. गावातली माणसं कामावरून सुटली की येतात, फुलं बघतात, दिव्यांखाली बसतात, गाणं ऐकतात, एखादा पाळणा खेळतात, घरी जातात.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा ते सहा पार्क उघडं ठेवणं म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत लोकांना बोलावणं. चार ते दहा ठेवा. संध्याकाळी वारं सुटतं तेव्हाच तर सोलापूरकर घराबाहेर पडतो.

आणि नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगमध्ये बोलणारी कचराकुंडी आहे : लठ्ठ माणसाचं तोंड, "कागद इकडे" म्हणत ओरडतं, आणि कागद टाकला की ओढून घेतं. माझी मुलगी तिथं दुसऱ्यांचा कचरा शोधून आणत होती. त्या पार्कातलं परीकथांचं जंगल १९५२ सालचं आहे. जवळच्या भागात त्याहून मोठ्या राइड कितीतरी झाल्या, तरी लोक तिथं जातात.

*

अक्कलकोट_नाका | गुरुवार, दुपारी २.२०

संध्याकाळचं एकदम पटलं. आम्ही रोज रात्री सात रस्ता चौकात चहा पीत उभे असतो, दुसरं जायचं कुठं? वर्षाचा पास हजार-बाराशेला असेल तर आमच्या ग्रुपमधले दहा जण पहिल्या दिवशी काढतील. कोस्टरचा हट्ट सोडला. पण बंद पडलेल्या चार राइडमधली ती मोठी होडी, झुलणारी, ती आधी सुरू करा.

*

भोंगा (धागाकर्ता) | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.५०

उशिरा लिहितोय, कारण सगळे प्रतिसाद छापून मित्राला दिले आणि आम्ही दोघं ते घेऊन दोन रविवार पार्कात फिरलो.

कोस्टरचं कोटेशन परत गेलं. चाकांच्या संचाबद्दल विचारलं तेव्हा समोरच्यांना उत्तर देता आलं नाही. प्लॉटिंगवाल्याला मित्रानं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. नाही म्हटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्या अंगावर जुनं देणं आहे.

पहिल्या टप्प्यात कर्ज न काढता हे होणार : बायकांच्या आठ खोल्या (ताई, दहा बसल्या नाहीत, पण बाळांसाठी वेगळी खोली आहे), पायवाटेवर पांढरा लेप, दोन घसरगुंड्यांना जेलकोट, आणि एप्रिलपासून वेळ दुपारी चार ते रात्री दहा. न भिजणाऱ्यांना निम्मं तिकीट. भुताच्या बंगल्याची शेड माग बसवायला द्यायचं ठरलंय. पूर्वभाग काका येऊन जागा बघून गेले. जमिनीला ओल आहे, सूत खराब होईल, आधी फरशी उचला म्हणाले. त्यात एक महिना जाईल.

झुलत्या होडीचा सांगाडा चांगला निघाला. पॅनेल मात्र पूर्ण गेलंय.

वडिलांना घेऊन गेलो होतो. चौऱ्याहत्तर वर्षं, गुडघे दुखतात, ऐकूही जरा कमी येतं. आकाशपाळणा रिकामा फिरवला. ते खांबाला हात लावून उभे राहिले, कान नाही, तळहात. चौथ्या फेरीला म्हणाले, गेटकडच्या बाजूचं बेअरिंग बोलतंय, या सुट्टीत माणसं बसवू नका. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं, आतल्या रिंगला खड्डे पडलेले होते. पाळणा सध्या बंद आहे, गेटवर तसा कागद लावलाय, तारीख आणि सहीसकट.

*

पाना_पक्कड | शनिवार, रात्री १०.१८

बेअरिंगच्या कडेला कोरलेला नंबर पुसून मला पाठवा, आणि शाफ्टचं माप. जुनी जोडी असेल तर दोन्ही बाजूंची बदला, एक बदलून चालणार नाही. पुढच्या शनिवारी मी सोलापुरात आहे. होडीच्या पॅनेलचं ड्रॉइंग नसलं तरी हरकत नाही, वायरी मोजून काढू. सकाळी सातला येतो. वडिलांना जमत असेल तर त्यांनाही आणा.